हरल्यावर उघडतो तो डबा

भाद्रपदाची पौर्णिमा आली की आमच्या स्वयंपाकघरातला एक डबा दरवर्षी फरार होतो. डबा साधाच, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. एरवी त्यात रवा असतो. मग रवा कुठल्यातरी पिशवीत जातो आणि डबा रेवाच्या ताब्यात. रेवा म्हणजे माझी मुलगी, यंदा चौथीत गेलेली. कोजागिरीपर्यंत हा डबा कोणी मागायचा नाही असा तिचा हुकूम आहे. घरात मी माझंच खरं करते असं म्हणतात, पण हा हुकूम मी मुकाट्याने पाळते.

अकोल्यात हे दिवस मोठे विचित्र असतात. पाऊस गेला म्हणावं तर संध्याकाळी ढग दाटून येतात, आणि छत्री घेऊन निघावं तर ऊन असं भाजतं की मे महिन्याची आठवण यावी. गावाकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीवर सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे मळणीनंतरच्या भुश्शाची, धूळ बसलेली असते. ती नाकात गेली की शिंका सुरू होतात, पण माझं माहेर तेल्हारा, त्यामुळे मला शिंकतानाही बरं वाटतं. बाजारात मेळघाटाकडची सीताफळं टोपल्यांनी उतरतात. रस्त्याकडेच्या वावरात कपाशीची पहिली बोंडं उकलायला लागतात. आणि संध्याकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत, पाटावर भुलाबाई येऊन बसते.

आमच्याकडे वऱ्हाडात भुलाबाई म्हणजे महिनाभर माहेरपणाला आलेली पार्वती. शेजारी भुलोजी, म्हणजे जावईबापू शंकर. मातीच्या या जोडप्यावर ज्वारीच्या ताटांचा मांडव. रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन जमतात, सासर-माहेराची गाणी म्हणतात, सासूला नावं ठेवतात. ज्यांचं लग्न व्हायला अजून पंधरा-वीस वर्षं आहेत त्या मुली ज्या तडफेने सासूचा उद्धार करतात ती पाहण्यासारखी असते. पण गाणी हे निमित्त. खरी ओढ असते ती खाऊची, आणि खाऊपेक्षाही तो ओळखण्याची.

खाऊ झाकलेल्या डब्यात येतो. ज्या घरचा डबा असेल त्या घरची मुलगी तो मधोमध ठेवते. मग एकेकीने डबा उचलायचा, हलवायचा, कानाशी धरायचा, बुडाला हात लावून गरम आहे का पाहायचं. गोड की तिखट, ओलं की कोरडं, असं विचारत सुटायचं. ओळखलं तर डबा उघडतो. नाही ओळखलं तर सगळ्यांनी 'हारलो' म्हणायचं, आणि तरी डबा उघडतोच. सगळ्यांनी म्हणायला हवं, एवढाच नियम. एकीनेही तोंड मिटून धरलं तर झाकण निघत नाही. आमच्या तेल्हाऱ्याच्या गल्लीत आणखी एक नियम होता, जो मी पुढे कुठेच पाहिला नाही. सगळ्यांत शेवटी हरणारीला खाऊची पहिली मूठ मिळायची.

त्या गल्लीत गोकुळाकाकू राहायच्या. त्यांचा खाऊ ओळखणं म्हणजे कठीण काम. एका वर्षी त्यांच्या डब्यातून काही म्हणता काही आवाज येईना. हलवला, उलटा केला, कानाला लावला. डबा जड, पण मुका. आमचं शेंगदाण्यांपासून पेढ्यांपर्यंत सगळं म्हणून झालं. शेवटी एकेक करत साऱ्या जणी हरल्या. झाकण निघालं तर आत चहूबाजूंनी घरचा कापूस दाबून भरलेला, आणि मधोमध फडक्यात बांधलेला शिळ्या भाकरीचा कुस्करा. गूळ घातलेला, वर तुपाचं बोट फिरवलेलं. काकू हसून हसून खाली बसल्या. म्हणाल्या, "पोट्ट्यायहो, हारल्या नसत्या तर तुमाले हे खाले भेटलं असतं काय?"

त्या दिवशी शेवटी हरणारी मीच होते. हरणं माझ्या जिवावर यायचं. तो कुस्करा मी डोळे पुसत पुसत खाल्ला होता, आणि त्याची चव अजून जिभेवर आहे.

यंदा खाली टिपऱ्यांचा आवाज सुरू झाला तशी मला गेल्या वर्षीची भुलाबाई आठवली. ती आठवली की माझं डोकं अजूनही तापतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत मंदाताईंचा फोन आला. मंदाताई माझ्या थोरल्या नणंद, अमरावतीला असतात, शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. रेवावर त्यांचा फार जीव. तो खरा आहे, त्याबद्दल मला शंका नाही. त्या म्हणाल्या, "शुभा, इथच्या एका शाळेत हुशार पोरायसाठी येगळा वर्ग सुरू झाला. थोडीच पोरं घेऊन राहिले. लय भारी शिकवतात म्हणे, पोरगी सोनं होऊन निघन. राहीन माह्याजवळ. फक्त एक टेस्ट लागते बुद्धीची. ती आपण बाहेरून करून आणाची."

"बाहेरून म्हणजे?"

"म्हणजे खासगी. एक बाई घेते, समुपदेशक हाये. आकडा आला की शाळेले दाखवाचा. आकडा पायजे तेवढा असला की दरवाजा उघडा."

रेवाचे बाबा वीज कंपनीत आहेत. त्यांना खांबावर चढलेल्या माणसाची काळजी वाटते, पण बाकी कशाची फारशी नाही. ते म्हणाले, "रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला झाला. आता हुशारीचा दाखला. काढून टाकू."

मी हसले, पण मनातून मी केव्हाच अमरावतीला पोचले होते. कारण रेवा आहेच तशी, असं मला वाटायचं. कोणत्या आईला वाटत नाही? पण ही पोरगी विचारायची ते ऐकून मी खरंच चाट पडायची. पाल छतावर उलटी चालते तेव्हा तिला जमीन कोणती वाटते? आपण झोपतो तेव्हा 'आज' संपतो की बारा वाजता संपतो? आंधळ्या माणसाला स्वप्नात दिसतं का? तिच्या वर्गात इतकी मुलं की बाईंना हजेरी घेतानाच धाप लागते. त्या बिचाऱ्या म्हणायच्या, "तुमची रेवा चौकस आहे हो, पण मी कुठवर पुरी पडू?" त्यामुळे पुरं पडणारं कोणीतरी अमरावतीला बसलंय म्हटल्यावर माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

आणि मोजमापाला मी घाबरणारी नाही. मोजणी हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. मी भूमी अभिलेख कार्यालयात काम करते. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणारे भाऊ मी रोज पाहते. त्यामुळे एखाद्या गोष्टीचं माप घ्यायचं तर घ्या, त्यात काय, असं माझं साधं म्हणणं होतं. मुलांच्या चाचण्यांनाही माझा विरोध नव्हता आणि आजही नाही. माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा वाचताना अडखळायचा, सगळे त्याला ढ म्हणायचे. अशाच एका तपासणीने त्याची अडचण कळली आणि पोरगा मार्गाला लागला. अडलेल्याला सोडवायला माप घेतलं तर त्या मापाला मी नमस्कार करीन.

नवरात्र सुरू होतं. आम्ही दोघी गाडीने बडनेऱ्याला उतरलो, तिथून ऑटोने अमरावतीत. अंबादेवीकडे जाणाऱ्या बायांची रस्त्यावर रीघ लागली होती, कोणी अनवाणी, कोणी कडेवर लेकरू घेऊन. रेवाने विचारलं, "आई, देवी इतक्या जणींचं एका टायमाले कसं ऐकते?" मी म्हटलं, "आज तुझे प्रश्न राखून ठेव, आज त्या बाई विचारतील." हे मी का म्हटलं असेन, असं मला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं.

समुपदेशक बाईंची खोली एका कापडाच्या दुकानावर होती. भिंतीवर हत्ती-जिराफ रंगवलेले. बाई तरुण, मऊ आवाजाच्या, नीटनेटक्या. वाईट म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. रेवाला आत घेतलं, मला बाहेर बाकावर बसवलं. दाराला काच होती. काचेतून रंगीत ठोकळे दिसायचे, चित्रांचे पत्ते दिसायचे, आणि टेबलावर पुढे झुकलेली माझ्या पोरीची वेणी. मधूनच तिचा खणखणीत आवाज बाहेर यायचा, "हारली!" मोठ्या आनंदात म्हणायची. मला वाटलं, मजेत चाललंय. मी पिशवीतलं सीताफळ फोडून खाल्लं आणि बिया रुमालात बांधत बसले.

बाहेर आल्यावर दोघी गिला वडा खायला गेलो. अमरावतीत येऊन तो खाल्ला नाही तर माणूस अमरावतीला आलाच नाही. ताकात भिजलेला वडा चमच्याने तोडत रेवा म्हणाली, "आई, त्या बाईले खेळ नाई येत."

"कोणता खेळ?"

"अवो, ओळखाचा. मी हारली म्हटलं तरी ती सांगेच ना. मी म्हटलं, बाई, मी हारली, आता उघडा. तर म्हणे, छान, आपण पुढचं पाहू. एकाही डब्याचं झाकण उघडलं नाई तिनं!"

"किती बार म्हटलं तू हारली म्हणून?"

"कठीण कठीण आलं की. मले अंदर काय हाये ते पाहाचं होतं ना." आणि मग तिने वाडगा तोंडाला लावून उरलेलं ताक पिऊन टाकलं.

जगात आणखी कुठलं लेकरू ही चूक करेल असं मला वाटत नाही. ही चूक करायला भुलाबाईच्या पाटासमोर बसलेलं असावं लागतं. कठीण डबा आला की मुकाट हरायचं, कारण कठीण डब्यातच खाऊ भारी असतो, हे तिला तिच्या आईने, तिच्या आईला गोकुळाकाकूंनी शिकवलेलं. त्या खोलीत मात्र हरणं म्हणजे शून्य आणि झाकण कायमचं बंद.

दुपारनंतर आम्ही पुन्हा त्या खोलीवर गेलो. आकडा आला तो थोडक्यात कमी. बाईंनी मला समोर बसवून समजावलं. "मुलगी हुशार आहे. पण चिकाटी कमी पडते. अवघड प्रश्न आला की प्रयत्न न करताच सोडून देते." मी त्यांना भुलाबाईची सगळी गोष्ट सांगितली, डब्यासकट. त्या मनापासून हसल्या. "किती गोड! पण आम्हाला उत्तरं सांगता येत नाहीत हो. सांगितली तर ती बाहेर जातील, मग पुढच्या मुलांसाठी चाचणी निरुपयोगी होईल." त्यांचं म्हणणं बिनतोड होतं, आणि म्हणूनच माझा राग जास्त वाढला. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

त्या पुढे म्हणाल्या, "काही महिन्यांनी दुसरी चाचणी घेता येईल. तोपर्यंत घरी एवढंच सांगा तिला, सोडायचं नाही."

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात हिशोब मांडत होते. आमच्याकडे वावराची मोजणी असते तेव्हा दोन्ही बाजूंच्या धुऱ्यावाल्यांना आधी कळवतात, समोर उभं करतात. मोजून झालं की हद्दीच्या खुणा दाखवतात, भाऊ, ही तुमची हद्द इथून इथवर. माणूस मान्य करो, शिव्या देवो, पण त्याला दाखवतात. माझ्या लेकराची मोजणी झाली आणि लेकराला काहीच दाखवलं नाही. दाखवला तो फक्त आकडा, आणि तो मला. तिने मोठ्या विश्वासाने पुन्हा पुन्हा विचारलं, अंदर काय हाये, आणि त्या विचारण्याचं नाव पडलं चिकाटीचा अभाव.

तरीही मी लगेच नाही म्हटलं नाही. आईच्या मनाचं असंच असतं, राग एकीकडे आणि हाव एकीकडे. तेवढ्यात दसऱ्याला मंदाताई आल्या त्या कोजागिरीपर्यंत मुक्कामाचं ठरवूनच. येताना कोड्यांची पुस्तकं घेऊन आल्या. सकाळी रेवाला घेऊन बसायच्या. निवृत्त झाल्यापासून त्यांना शिकवायला कोणी मिळालं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला होता, म्हणून मीही आड आले नाही.

"हारली म्हणाचं नाई," त्या शिकवायच्या. "येत नसन तरी काई बी ठोकून द्याचं, पण हारली म्हणाचं नाई. समजलं?"

रेवा शहाणी, लगेच समजली. दोन-तीन दिवसांतच ती काहीही ठोकून द्यायला लागली. कोडं पुरतं वाचायच्या आत उत्तर. बरोबर आलं तर आत्याकडे बघायची, चुकलं तर दुसरं उत्तर. उत्तरांच्या नुसत्या लाह्या फुटायच्या. आणि एक दिवस संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना ती म्हणाली, "आई, हे पाखरं रोज त्याच तारेवर..." आणि मधेच थांबली. मी म्हटलं, "काय? विचार ना."

"काई नाई," ती म्हणाली. "माहीत हाये मले."

तिला माहीत नव्हतं. तिला ठाऊक नाही हे तिच्या तोंडावर लिहिलं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा माझी पोरगी न विचारता गप्प बसली, आणि गप्प बसून हुशार दिसायला शिकली. वाळलेली चादर हातात धरून मी तिथेच उभी राहिले. मला खरोखर भीती वाटली. आकडा कमी आला तेव्हा वाटली नव्हती अशी. ज्या गोष्टीसाठी हिला त्या वर्गात घालायचं होतं तीच गोष्ट आम्ही घरी बसून खुडत होतो.

मग कोजागिरी आली. पार्किंगमध्ये दूध आटत होतं, टिपऱ्या वाजत होत्या. तळमजल्यावरच्या श्रावणीच्या आईने डबा आणला होता. डबा फिरला. लाडू, चिवडा, शंकरपाळे, सगळं म्हणून झालं. एकेक मुलगी हसत हसत हरली. राहिली एकटी रेवा. डबा तिच्या मांडीवर.

"मुरमुरे," ती म्हणाली. नाही. "फुटाणे." नाही. "साखर. मीठ. शेव. चणे. दाणे." नाही, नाही, नाही. ती डबा हलवतही नव्हती. कानाशी धरत नव्हती. नुसती तोंडाला येईल ते म्हणत होती, आणि तिचे डोळे डब्यावर नव्हतेच. ते जिन्याच्या पायरीवर बसलेल्या आत्याकडे होते.

"रेवा, म्हण ना वो हारली," श्रावणी कंटाळून म्हणाली. "भूक लागली आमाले."

"मी नाई हारली."

"मंग डबा कसा उघडन?"

बारक्या मुली चुळबुळ करायला लागल्या. एक रडायच्या बेतात आली. डास चावत होते, दूध गार होत होतं, आणि माझी पोरगी तो डबा पोटाशी आवळून बसली होती. ओठ घट्ट मिटलेले. मंदाताई माझ्याकडे बघून हलकेच म्हणाल्या, "पाह्य, कशी चिकाटी आली पोरीले."

मी उठले. मुलींच्या घोळक्यात, भुलाबाईसमोर, मांडी घालून बसले. नोकरी करणारी, चष्मा लावणारी बाई टिपऱ्यांच्या पोरींत येऊन बसली म्हणून सगळ्या सरकून बसल्या. मी रेवाच्या हातातला डबा घेतला, कानाशी धरला, हलवला. आतून काहीतरी ओलं, जड, एका बाजूला सरकलं.

"मले नाई समजत बाप्पा," मी मोठ्यांदा म्हटलं. "मी हारली. रेवा, तूही म्हण. मंग पाहू अंदर काय हाये ते."

"शुभा," मंदाताई म्हणाल्या, "एवढी मेहनत केली. तू पोरीले बिघडवून राहिली."

"बिघडू द्या, ताई."

"दुसऱ्या टेस्टले काय करशीन?"

"दुसरी टेस्ट नाई. आमी नाई जाणार." हे मी ठरवून म्हटलं नव्हतं, पण तोंडातून निघालं आणि निघाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी पुढे बोलतच सुटले. "माही पोरगी ज्या वर्गात हारली म्हणू शकत नाई तो वर्ग मले नको. तिले येत नाही ते नाही येत म्हणन ती. शंभर बार म्हणन. विचारन. डोकं खाईन सगळ्यायचं. तिच्या बाईनं नाई सांगतलं तर मी सांगीन, मले नाई आलं तर दोघी मिळून कोणाले विचारू. पण माहीत हाये म्हणून खोटं बोलाले मी तिले नाई शिकवणार!"

जिन्यात माणसं जमली होती. रेवाचे बाबा दुधाचा पेला हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "दाखला कॅन्सल," आणि पेला पिऊन टाकला.

रेवाने माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हारली."

श्रावणीने झाकण काढलं. आत उकडलेले शिंगाडे होते. आणि मी तिथल्या तिथे जाहीर केलं की आमच्या तेल्हाऱ्याच्या नियमाप्रमाणे शेवटी हरणारीला पहिली मूठ. रेवाने शिंगाडा सोलून तोंडात टाकला. गालावर पाणी तसंच, तोंड भरलेलं, आणि त्या भरल्या तोंडाने पहिला प्रश्न आला, "आई, हे पाण्यात उगते तर बुडत काहून नाई?"

मी तेव्हा रडले. सगळ्यांसमोर रडले, लाज वाटली नाही.

मंदाताई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेल्या. स्टेशनवर त्या जे बोलल्या ते मी विसरलेले नाही. चांदूर रेल्वेजवळच्या त्यांच्या खेड्यात सातवीपर्यंत शाळा होती. पुढे शिकायला अमरावतीला ठेवा म्हणून त्या घरात उपाशी बसल्या होत्या, तरी त्यांना दोन वर्षं घरीच बसवलं. गाडी येताना दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "मले कोणी असा दरवाजा दाखवला असता ना शुभा, तर मी डोक्यावर उभी राहून परीक्षा देल्ली असती. तू उघडा दरवाजा लावून घेतला." दिवाळीपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. बंद दारासमोर ज्याने दिवस काढले त्याला कोणतंही दार उघडंच दिसतं.

म्हणून मी फुशारकी मारत नाही. रेवा त्याच जुन्या शाळेत जाते. वर्गात गर्दी तेवढीच आहे. काही दिवस ती कंटाळून येते, दप्तर भिरकावते. त्या दिवशी वाटतं, केलं ते बरोबर केलं का? पण मग रात्रीच्या भाकरी टाकताना ती ओट्याशी येऊन उभी राहते आणि म्हणते, "आई, मी आज तीन बार हारली." आणि काय काय कळलं नाही ते सांगायला लागते. भाकरी करपते. करपू दे. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं माझं व्हायचं राहिलं, एवढं मला कळतं. हुशार मुलांसाठी वेगळी खोली बांधणाऱ्या लोकांना मला एकच सांगायचं आहे. आमची मुलं काही तुमच्या दारात उमेदवारी करायला जन्मलेली नाहीत. तुमच्याकडे चांगलं शिकवणं असेल तर ते झाकून का ठेवता?

हे मी मनातल्या मनात पुष्कळदा म्हटलं होतं. यंदा ते म्हणायची वेळ खरंच आली.

परवा संध्याकाळी त्या शाळेतून फोन आला. आवाज गोड होता, पाठ केलेला. "मॅडम, तुमच्या मुलीचं नाव आमच्याकडे नोंदलेलं आहे. अगदी थोडक्यात राहिलं होतं. पुढच्या वर्षाचे प्रवेश सुरू होतायत. पुन्हा चाचणी करून घेणार का?"

मी खिडकीशी उभी होते. खाली पार्किंगमध्ये पाट मांडला होता. त्या दिवशी डबा आमच्या घरचा होता आणि रेवाने मला आत काय आहे ते सांगितलं नव्हतं. दुपारी फक्त माझ्या उशीतला कापूस थोडा कमी झालेला दिसला होता.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही हरलो."

"असं नका म्हणू मॅडम, मुलीत खूप क्षमता आहे..."

"ऐकून घ्या. आमच्याकडे हरलं म्हटलं की डबा उघडून दाखवतात. आम्ही हरलो, आता तुम्ही उघडा. त्या वर्गात तुम्ही असं काय शिकवता, जे बाकीच्या पोरांना शिकवता येत नाही?"

मग तो आवाज थोडा खाली येऊन, पाठांतर विसरून म्हणाला, "मॅडम, ते... ते मला सांगता येणार नाही."

"सांगता येईन तेव्हा फोन करजा," मी म्हटलं. "आमी इथंच हाओ."

खाली डबा फिरून फिरून पुन्हा पाटासमोर आला होता. बिलकुल आवाज येत नाही म्हणून मुली तक्रार करत होत्या, आणि रेवा कमरेवर हात ठेवून, गोकुळाकाकूंना कधीही न पाहता, हुबेहूब त्यांच्यासारखी उभी होती. मग सगळ्या पोरी एका सुरात ओरडल्या, "हारलो!" आणि माझ्या रव्याच्या डब्याचं झाकण निघालं.